धोक्याची घंटा आणि वेळेचे गणित

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात आवाजाला अर्थ असतो. डोक्यावरून क्रेन सरकताना वाजणारी घंटा, फोर्कलिफ्ट मागे येताना होणारी टिकटिक, पॉवर प्रेसवरचा बझर, पुणे-नाशिक रस्त्यावर मागे सरकणाऱ्या कंटेनरचा हॉर्न आणि याच पट्ट्यात तयार होणाऱ्या मोटारींमधील सीटबेल्टची टिणटिण. हे सारे आवाज एकच गोष्ट सांगत असतात : काहीतरी घडण्याची शक्यता आहे, त्याआधी काहीतरी करा. यांपैकी काही इशाऱ्यांना माणूस तत्काळ प्रतिसाद देतो, काहींकडे महिनोन्महिने दुर्लक्ष करतो, तर काही इशारे तो चक्क बंद करून टाकतो.

असे का होते, या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'बेफिकिरी' या एका शब्दात दिले जाते. अपघाताच्या चौकशीत हा शब्द सोयीचाही ठरतो. मात्र इशारा आणि प्रतिसाद यांच्या नात्याचा मानसशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकात जो कसून अभ्यास केला, त्यातून निराळे चित्र पुढे येते. इशारा धोक्याच्या किती आधी सुरू होतो आणि प्रतिसाद दिल्यानंतर तो नेमका केव्हा थांबतो, या दोन वेळांवर शिकण्याचा बराचसा भाग अवलंबून असतो. हे ज्याने प्रथम दाखवून दिले, तो कामगार नव्हता की मोटारचालकही नव्हता. तो प्रयोगशाळेतील पांढरा उंदीर होता.

दोन कप्प्यांची पेटी

या प्रयोगांचे साधन अगदी साधे असते. एक लांबट पेटी, तिचे दोन कप्पे, मध्ये बुटका अडसर किंवा लहानसे दार आणि तळाशी धातूच्या सळ्या. मानसशास्त्रात तिला 'शटल बॉक्स' म्हणतात. उंदीर एका कप्प्यात असताना बझर वाजतो. ठराविक सेकंदांनंतर त्या कप्प्याच्या सळ्यांतून विजेचा झटका दिला जातो. उंदीर दुसऱ्या कप्प्यात गेला की झटका थांबतो. पहिल्या काही फेऱ्यांत उंदीर झटका बसल्यावरच पळतो. ही केवळ सुटका झाली. पुढे तो बझर ऐकताच, झटका येण्यापूर्वी, पलीकडे जाऊ लागतो. धोका येण्याआधीच तो टाळण्याच्या या शिक्षणाला 'परिहार अध्ययन' असे नाव आहे.

रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगांमुळे घंटा आणि अन्न यांची सांगड कुत्र्याच्या मनात कशी बसते, हे ठाऊक झालेच होते. परिहार अध्ययन म्हणजे त्याचीच दुसरी आवृत्ती, असे आरंभी वाटत होते. १९३८ मध्ये ब्रॉग्डन, लिपमन आणि कलर या अमेरिकन संशोधकांनी ही समजूत मोडून काढली. त्यांनी गिनीपिग फिरत्या पिंजऱ्यात ठेवले. एका गटाला आवाजानंतर झटका मिळेच, तो धावला तरी आणि न धावला तरी. दुसऱ्या गटात मात्र आवाज होताच धावणाऱ्या प्राण्याचा झटका टळत असे. आवाज आणि झटका यांची जोडी केवळ नित्यनेमाने लावल्याने शिक्षण होत असते, तर पहिला गट पुढे जायला हवा होता. प्रत्यक्षात दुसरा गट कितीतरी चांगले शिकला. आपल्या कृतीने काही फरक पडतो, हे कळल्यावाचून प्राणी ती कृती शिकत नाही, असा त्याचा अर्थ निघाला.

येथे एक कोडे उभे राहिले. अन्न मिळाले तर ते बक्षीस आहे, हे समजते. पण झटका टाळणाऱ्या उंदराला मिळते काय? काहीच घडत नाही. 'काहीच न घडणे' हे बक्षीस कसे ठरावे? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ओ. हॉबर्ट मॉवरर यांनी १९४७ मध्ये याचे उत्तर दोन पायऱ्यांत मांडले. पहिल्या पायरीवर उंदीर बझरला भिऊ लागतो. दुसऱ्या पायरीवर, पळाल्याने बझर थांबतो, भीती ओसरते आणि हा दिलासाच त्याचे बक्षीस ठरतो. हे खरे असेल, तर बझर केव्हा सुरू होतो आणि केव्हा थांबतो, याला निर्णायक महत्त्व येणार हे उघड होते.

किती आधी?

पहिला प्रश्न इशाऱ्याच्या आरंभाचा. इशारा आणि झटका यांत अंतर फारच कमी ठेवले, तर पलीकडे जायला उंदराला वेळच उरत नाही. अंतर फार वाढवले, तर आवाज आणि झटका यांचा संबंध विरळ होतो. लिऑन केमिन यांनी १९५४ मध्ये कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात थोडा वेळ वाजून थांबणारा बझर आणि झटका यांतील अंतर ५, १०, २० आणि ४० सेकंद असे बदलून पाहिले. अंतर जसजसे वाढत गेले, तसतसे शिक्षण मंदावत गेले. लवकर दिलेला इशारा हा आपोआप चांगला इशारा असतो, ही आपली सर्वसाधारण धारणा येथे अपुरी ठरते.

इशाराच नसेल तर काय होते, हे मरे सिडमन यांनी १९५३ मध्ये पाहिले. त्यांच्या पेटीत बझर नव्हता. ठराविक अंतराने झटके येत आणि कळ दाबली की पुढचा झटका काही सेकंदांनी लांबणीवर पडे. उंदीर तेही शिकले. जणू वेळेचा अंदाज घेत ते कळ दाबत राहिले. पुढे सिडमन यांनी झटक्याच्या थोडे आधी वाजणारा इशारा जोडला, तेव्हा उंदरांचे वागणे बदलले. इशारा होईपर्यंत ते बहुतांशी थांबून राहत आणि तो मिळाल्यावर कळ दाबत. भरवशाचा इशारा प्राण्याला अखंड सावधगिरीतून मोकळे करतो, हा या प्रयोगाचा धडा आहे. जे. वाइस यांनी १९७० च्या सुमारास केलेल्या प्रयोगांतून त्याची शारीरिक बाजूही दिसली. सारखेच झटके मिळूनही, ज्या उंदरांना आधी आवाजाची सूचना मिळत होती, त्यांच्या जठरातील व्रण सूचना न मिळणाऱ्या उंदरांपेक्षा कमी होते.

आवाज केव्हा थांबतो?

दुसरा प्रश्न इशाऱ्याच्या अंताचा आणि खरी मेख येथेच आहे. मॉवरर आणि लॅमोरो यांनी १९४२ मध्येच दाखवले होते की, उंदराने प्रतिसाद देताच बझर थांबला तर शिक्षण उत्तम होते. तो आधीच थांबला किंवा प्रतिसादानंतरही वाजत राहिला, तर शिक्षण मागे पडते. १९५७ मध्ये केमिन यांनी हा विलंब मोजूनमापून बदलला. उंदराने झटका टाळला, पण बझर तत्काळ थांबण्याऐवजी अडीच, पाच किंवा दहा सेकंदांनी थांबला. विलंब जितका अधिक, तितकी टाळण्याची कृती कमी, असे त्यांना आढळले. झटका प्रत्येक वेळी टळतच होता. उशीर होत होता तो फक्त 'योग्य केले' ही पोचपावती मिळायला.

त्याच्या आदल्या वर्षी, १९५६ मध्ये, केमिन यांनी केलेला प्रयोग आजच्या वाचकाला अधिक अस्वस्थ करणारा आहे. त्यांनी उंदरांचे चार गट केले. पहिल्या गटात पळाल्यावर आवाजही थांबे आणि झटकाही टळे. दुसऱ्यात आवाज थांबे, पण झटका मात्र येईच. तिसऱ्यात झटका टळे, पण आवाज चालूच राही. चौथ्यात पळण्याने काहीच साधत नसे. पहिला गट सर्वांत पुढे आणि चौथा सर्वांत मागे राहिला, यात नवल नाही. नवल आहे ते मधल्या दोन गटांचे. ते दोन्ही चौथ्यापेक्षा बरेच पुढे होते आणि एकमेकांच्या जवळपास होते. याचा अर्थ, खरा धोका न टळताही केवळ आवाज थांबतो एवढ्यासाठी उंदीर पळायला शिकले.

मॉवरर यांचा सिद्धांत सर्वांना पटला असे नाही. १९६६ मध्ये हर्न्स्टाइन आणि हाइनलाइन यांनी दाखवले की, कोणताही इशारा नसताना, केवळ झटक्यांचे एकूण प्रमाण घटते यासाठीही उंदीर कळ दाबायला शिकतात. भीती ओसरणे हे एकमेव बक्षीस नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. तरीही जेथे इशारा आहे, तेथे त्याचे थांबणे हे प्रबळ बक्षीस असते, हा निष्कर्ष कायम राहिला.

शांततेसाठी शोधलेली पळवाट

केमिन यांच्या दुसऱ्या गटातील उंदीर भारतातील रस्त्यांवरही भेटतो. १ जुलै २०१९ पासून देशात नव्या मोटारींमध्ये चालक आणि त्याच्या शेजारचा प्रवासी यांच्यासाठी सीटबेल्टची आठवण देणारा आवाज सक्तीचा झाला. ताशी ८० किलोमीटरनंतर अधूनमधून आणि १२० नंतर सतत वाजणारी वेगाची सूचनाही त्याच नियमांत आली. सीटबेल्टच्या सूचनेची रचना परिहार अध्ययनाच्या दृष्टीने जवळजवळ आदर्श आहे. पट्टा लावला की आवाज त्याच क्षणी थांबतो.

परंतु या रचनेत एक फट राहिली. आवाज पट्ट्याने नव्हे, तर खाचेत अडकणाऱ्या धातूच्या जिभेने थांबतो. नुसती जीभ विकत मिळू लागली, तेव्हा आवाज थांबवण्याचा आणि जीव वाचवण्याचा संबंध तुटला. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. मागील आसनावर बसलेल्या मिस्त्री यांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांच्या तपासातून पुढे आले. त्या अपघातात अशा क्लिपचा संबंध नव्हता. मात्र त्यानंतर पट्ट्याचा प्रश्न देशभर चर्चेत आला आणि क्लिपच्या विक्रीकडेही सरकारचे लक्ष गेले. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-व्यापार कंपन्यांविरुद्ध आदेश काढले आणि १३,११८ जाहिराती संकेतस्थळांवरून हटवण्यात आल्या.

क्लिप वापरणाऱ्याला मूर्ख म्हणणे सोपे आहे. पण त्याच्या बाजूने पाहिले, तर अपघात त्याने अनुभवलेला नसतो. रोज अनुभवलेला असतो तो कटकटीचा आवाज. म्हणजे त्याच्या दृष्टीने आवाज हाच झटका झालेला असतो. त्याने टाळले ते हेच आणि अगदी कार्यक्षमतेने टाळले.

तीन सेकंदांचा हिशेब

इशारा किती आधी द्यावा, हा पहिला प्रश्न चाकणच्या वाहन उद्योगात आता अभियांत्रिकीचा विषय झाला आहे. २०२१ साली बाजारात आलेल्या आणि चाकणला तयार झालेल्या महिंद्राच्या 'एक्सयूव्ही ७००' या गाडीत समोरच्या टकरीची पूर्वसूचना देणारी प्रणाली होती. रडार आणि कॅमेरा यांच्या साहाय्याने पुढच्या वाहनाचे अंतर व वेग मोजून अशी प्रणाली चालकाला सावध करते.

तिच्यापुढील पेच साध्या गणिताने समजतो. गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला २० मीटर जात आहे आणि पुढे एक ट्रक बंद पडून उभा आहे. इशारा ऐकून ब्रेकवर पाय पडायला दीड सेकंद लागला, असे धरू. तेवढ्यात गाडी ३० मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबून थांबायला आणखी सुमारे २९ मीटर लागतात. म्हणजे इशारा साधारण ६० मीटरवर, धडकेच्या तीन सेकंद आधी, मिळायला हवा. तो दोन सेकंद आधी मिळाला, तर ब्रेक लावण्यासाठी अवघे १० मीटर उरतात आणि गाडी ताशी ५८ किलोमीटरच्या आसपास वेगाने आदळते. एका सेकंदाचा फरक हा थांबणे आणि चेंदामेंदा होणे यांतील फरक आहे.

२००२ मध्ये जॉन ली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत वाहनचालनाच्या सिम्युलेटरवर, लक्ष विचलित झालेल्या चालकांसह, हेच तपासले. इशारा नसतानाच्या तुलनेत लवकर दिलेल्या इशाऱ्याने टकरी ८०.७ टक्क्यांनी घटल्या, तर उशिरा दिलेल्या इशाऱ्याने ५० टक्क्यांनी. मग इशारा पाच-सहा सेकंद आधीच का देऊ नये? कारण इतक्या आधी यंत्राला खात्री नसते. पुढचा रिक्षावाला वळणार असतो, दुचाकीस्वार बाजूला होणार असतो. पुण्याकडच्या गर्दीत अशा प्रत्येक प्रसंगी गाडी ओरडू लागली, तर बहुतेक इशारे निष्फळ ठरतील.

लांडगा आला रे आला

निष्फळ इशाऱ्यांचे काय होते, हे सांगायला प्रयोगशाळेची गरज नाही. लांडग्याची गोष्ट मराठी घरात प्रत्येकाने ऐकलेली असते. मात्र निष्फळ इशाऱ्याच्या भीतीने इशाराच दाबून ठेवला तर काय होते, हे २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळने पाहिले. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील कामगारांसाठीचा आणि वस्तीसाठीचा भोंगा १९८२ मध्ये वेगवेगळे करण्यात आले होते. किरकोळ गळतीने शेजारपाजारचे लोक घाबरू नयेत, हा त्यामागचा विचार होता. त्या रात्री वस्तीसाठीचा भोंगा मध्यरात्रीनंतर वाजला, पण लगेच बंद केला गेला. तो पुन्हा वाजला तेव्हा वायू घरांत शिरून बराच वेळ झाला होता. या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक उद्योगांवर आपत्कालीन आराखडा करण्याची आणि परिसरातील लोकांना माहिती देण्याची जबाबदारी आली.

रंगीत तालमीचे महत्त्व यातूनच लक्षात येते. इशारा ऐकल्यावर काय करायचे, हे आधी ठाऊक नसेल, तर वेळेवरचा इशाराही केवळ घबराट निर्माण करतो. रॉबर्ट बोल्स यांनी १९७० मध्ये हेच निराळ्या भाषेत सांगितले. झटका टाळण्यासाठी धावणे उंदीर मोजक्या फेऱ्यांत शिकतो, पण कळ दाबणे शिकायला त्याला फार कष्ट पडतात. धावणे, दबून बसणे या त्याच्या स्वाभाविक बचावाच्या कृती आहेत, कळ दाबणे नाही. दचकलेल्या माणसाकडून दूरचे लाल बटण शोधून दाबण्याची अपेक्षा करणाऱ्या यंत्ररचनेने हा धडा ध्यानात ठेवायला हवा.

जिथे इशारा पुरतच नाही

भोसरी-चाकण परिसरातील वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या उद्योगात पॉवर प्रेस हे रोजचे यंत्र आहे. पत्रा डायवर ठेवायचा, स्ट्रोक द्यायचा, तुकडा काढायचा. येथे धोका बोटांना असतो आणि हिशेब सेकंदाच्या अंशांत असतो. सावध असलेल्या माणसालाही आवाज ऐकून हालचाल सुरू करायला सुमारे ०.१५ ते ०.२ सेकंद लागतात. सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकात जवळच्या अंतरासाठी हाताचा वेग सेकंदाला दोन मीटर धरला जातो. म्हणजे बझर ऐकून मेंदू हाताला थांबवीपर्यंत हात ४० सेंटिमीटर पुढे गेलेला असू शकतो. इतक्या कमी वेळात कोणताही इशारा उपयोगी पडत नाही.

म्हणूनच प्रेसवर इशाऱ्याऐवजी अडथळा लागतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने यंत्राच्या धोकादायक भागांना भक्कम आवरण घालणे बंधनकारक केले, ते याच तर्काने. लाइट कर्टन, म्हणजे अदृश्य किरणांचा पडदा, हात आत जाताच प्रेस थांबवतो. प्रेस पाव सेकंदात थांबत असेल, तर हा पडदा किमान ५० सेंटिमीटर अलीकडे हवा. दोन हातांनी दोन बटणे, तीही अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबल्याशिवाय स्ट्रोक पडू नये, ही रचनाही हात आत राहूच नयेत यासाठी असते. त्यातील एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवले की, ते सीटबेल्टच्या क्लिपचेच दुसरे रूप होते. दर तासाला किती नग निघाले यावर कामगाराची किंमत ठरत असेल, तर या पळवाटेचे बक्षीस त्याला रोज मिळते. बोट गमावण्याची शिक्षा मात्र एकदाच मिळते, तीही कायमची.

उंदीर आणि माणूस यांतील सर्वांत मोठा फरक येथे दिसतो. पेटीतील उंदीर आधी दहा-वीस झटके खातो आणि मग टाळायला शिकतो. प्रेसवर किंवा महामार्गावर अशी शिकाऊ मुभा नसते. भारतात प्राण्यांवरील प्रयोगांनाही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याची आणि नीतिसमितीच्या परवानगीची चौकट आहे. नकळत माणसावर होणाऱ्या प्रयोगांना अशी समिती नसते.

म्हणून इशाऱ्याची रचना करणाऱ्यावर मोठी जबाबदारी येते. इशारा एवढा आधी हवा की, कृती करायला वेळ मिळेल. एवढा आधी नको की, तो धोक्यापासून तुटेल. योग्य कृती होताच तो थांबला पाहिजे आणि योग्य कृतीवाचून तो थांबता कामा नये. जिथे एवढा वेळच उपलब्ध नाही, तिथे घंटा बसवून जबाबदारी संपत नाही. अपघातानंतर 'बझर तर वाजत होता' हे वाक्य ऐकू आले, तर तो किती आधी वाजला आणि कशाने थांबत होता, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून चौकशी पूर्ण झाली असे म्हणता येणार नाही.